अनुसयाबाई, खोली रिकामी झाली

१४ मे २०१५, गुरुवार. रक्कम चार लाख पस्तीस हजार. एक लाख पंचेचाळीस हजारांचे तीन धनाकर्ष. हजर होते ते असे: मी, माझी बायको शोभा, तुमचे दोन दीर नामदेव आणि पांडुरंग, साक्षीला गावचे गुरुजी आणि कोतवाल, आणि तुम्ही. गडचिरोलीच्या नोंदणी कार्यालयात पंखा बंद होता. तुम्ही बाकाच्या टोकाला बसून पदराने वारा घेत होतात. अंगठा उठवून झाल्यावर त्याची शाई तुम्ही भिंतीला पुसलीत. मला ते आवडलं नाही. आपली ओळख माझ्या नापसंतीपासून सुरू झाली, अनुसयाबाई.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. मला रडू आलं नाही. शिसारी आली, आणि ती अजून उतरलेली नाही. कोणाकोणाची, ते क्रमाने लिहितो. मला दुसऱ्या पद्धतीने लिहिता येत नाही. "बाबू रडले तं थेंब बी मोजतीन," असं तुम्ही एकदा शोभाला म्हणाला होतात. मी आतल्या खोलीत होतो. ऐकलं होतं.

लेखा लिपिक म्हणून माझी एकोणीस वर्षं गडचिरोलीत भाड्याच्या पाच घरांत गेली. शोभाला अंगण हवं होतं, मला स्वतःच्या नावाची घरपट्टी. वैनगंगेकाठचं तुमचं गाव अकरा किलोमीटरवर. घर मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं, सागवानी खांबांचं. चोवीस बाय तीस फूट. नदीवर आणि तलावावर जाळं टाकून तुमच्या सासऱ्यांनी ते बांधलं. थोरला मुलगा दौलत, म्हणजे तुमचा नवरा, आधीच गेला होता. नामदेव आणि पांडुरंगने रस्त्याकडेला सिमेंटची घरं बांधली होती. जुनं घर विकून तीन सारखे वाटे करायचे ठरले.

मी तीनदा येऊन घर पाहिलं. भिंत न् भिंत टेपने मोजली. मागची नऊ बाय अकराची खोली नामदेवने तिन्ही वेळा दारातूनच दाखवली. "सामानाची हाये," म्हणाला. आत अंधार होता. मी उंबऱ्यावरून टेप आत सरकवला, आकडा लिहून घेतला आणि पुढे गेलो.

राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला तुम्ही दार खडखडवलंत.

"कोण?"

"मी वो. दौलतची बाई. कडी काढा."

मी कडी काढली. तुम्ही तेलाची बाटली घेऊन माझ्या अंगावरून सरळ मागच्या खोलीत गेलात. मी मागोमाग. मातीच्या ओट्यावर शेंदूर फासलेले पाच गोटे, मागची भिंत काजळीने काळी, कोपऱ्यात उंदरांनी फोडलेली तांदळाची पिशवी. कित्येक वर्षांच्या तेलाचा आंबूस वास.

"बाई, हे काय?"

"देव."

"कोणाचे?"

"आमचे."

"मग माझ्या घरात कसे?"

"ते आधीपासून हायेत, बाबू. तुमी कालपासून."

त्याच दिवशी मी नामदेवला चहाच्या टपरीवर गाठलं. दहा-बारा माणसं बसली होती. नामदेव निवांत बिडी ओढत म्हणाला, "आमच्यात देव असे काखेत मारून नेता येत नाई. ज्याच्या घरी नेले त्यानं दर चैतात भाऊबंदाले जेवू घालाचं. मले नाई परवडत. पांडुरंगले बी नाई. मंग एकच, नदीत थंड कराचे. पण त्याले बी तिन्ही घरचा हात लागते, भाऊबंदाचं जेवण लागते. तीन हजार सातशे खर्च हाये."

"मग करा."

"मंग द्या."

मी पिशवीतून विक्रीपत्राची प्रत काढली. कलम सात मी स्वतः घालून घेतलं होतं: मिळकत रिकामी करून देण्याचा सर्व खर्च विकणार यांनी करावा. मी ते टपरीवर मोठ्याने वाचलं.

"त्यात देव लिवले हायेत का?" नामदेवने विचारलं.

"मिळकत लिहिली आहे."

"देव मिळकत होय का, बाबू?"

सगळे हसले. मला राग आला आणि रागात मी सवयीप्रमाणे गणित केलं. सातशे वीस चौरस फुटांतले नव्याण्णव चौरस फूट अडलेत. चार लाख पस्तीस हजारांच्या हिशेबाने माझे एकोणसाठ हजार आठशे बारा रुपये पन्नास पैसे तुम्ही दाबून ठेवलेत, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. पन्नास पैशांवर टपरीवाला परत हसला. हा आकडा मी तिथे बोलायला नको होता. का, ते पुढे येईल.

तर भांडण असं होतं. ते म्हणत, ज्याला देव नको त्याने खर्च करावा. मी म्हणत होतो, ज्याने विकलं त्याने करावा. आणि ह्या दोन्हींच्या मध्ये रोज सकाळी साडेपाचला तुम्ही.

तुम्ही काही मायाळू म्हातारी नव्हतात, हेही लिहून ठेवतो. तंबाखूची गुडाखू दातांना घासून माझ्या जोत्यावर थुंकायचात. दोनदा फासलेला चुना तिसऱ्यांदा लाल-काळा व्हायचा. दिवा लावून परत जाताना चुलीपाशी डोकावून बोलल्याशिवाय जायचा नाहीत. "बाबूची बायको मिठाले भेते." "एवढ्याशा भाताले एवढं मोठं गंज?" शोभा पहिलं वर्ष चिडली, दुसऱ्या वर्षापासून तुमच्यासाठी चहाचा कप वेगळा काढून ठेवू लागली. तुम्ही पळसाच्या पानात झिंगे आणायचात. मी बाजारभाव विचारून पैसे पुढे करायचो. तुम्ही माझ्याकडे बघायचात, पैसे घ्यायचा नाहीत आणि मग चार दिवस काही आणायचा नाहीत. मी त्याला तुमचा हट्ट समजायचो.

दुसऱ्या वर्षी तुमची मुलगी वनिता नागभीडहून आली. जावयाचं तिथे सायकल दुरुस्तीचं दुकान. वनिता शोभाला सांगत होती, मी व्हरांड्यात कागद चाळत होतो. घराच्या तुमच्या वाट्याचे एक लाख पंचेचाळीस हजार तुम्ही सगळेच्या सगळे तिला दिले होते. त्यातून तिने घराला एक खोली जोडली, तुमच्यासाठी. खिडकीला पडदा लावला, खाट आणली. आणि तुम्ही नामदेवच्या घरामागच्या सांदवाडीत टिनाच्या छपरीत राहत होतात, त्याच्या म्हशीच्या शेजारी.

"चाल न माय," वनिता म्हणाली.

"दिवा कोण लावंल?"

"काकू लावतीन."

"विचार तुझ्या काकूले."

दोघी काकूंना विचारून झालं होतं. एकीचे गुडघे दुखत होते, दुसरीला मळमळत होतं. शोभा म्हणाली, "मी लावते, बाई. मला काय कष्ट?" तुम्ही तिच्या हनुवटीला हात लावलात. "तुमी नाई चालत, बाई. घराण्याची सून पायजे."

मग तुम्ही व्हरांड्यात माझ्याकडे आलात. तुम्ही माझ्याकडे काही मागितलंत ते तेवढं एकदाच. तुमच्या उजव्या हातात रिकामी तेलाची बाटली होती.

"बाबू, तुमीच देऊन टाका न ते तीन हजार सातशे."

"बाई, प्रश्न पैशाचा नाही."

"तं कायचा हाये?"

"नियमाचा आहे. कागदावर सही झाली आहे."

तुम्ही थोडा वेळ विचार केलात. खरंच केलात, टोमणा मारायचा म्हणून थांबला नव्हतात.

"नियम कुठी राह्यते, बाबू? त्याले बी एक खोली देऊन ठेवली हाये का तुमी?"

मी पुन्हा कागद चाळायला लागलो. वनिता सव्वाअकराच्या एसटीने एकटी गेली. त्या महिन्यात मी मोटारसायकलला दोन नवीन टायर टाकले. तेवढ्याच पैशात ते काम झालं असतं. टायरची पावती माझ्याकडे अजून आहे.

आता चैत्रातली पूजा. वर्षातून एकदा भाऊबंद माझ्या घरात यायचे, तीस-पस्तीस माणसं, बहुतेक पिऊन. नऊ बाय अकराच्या खोलीत कोंबड्या कापायचे. रक्ताचे शिंतोडे भिंतीवर वाळून तपकिरी व्हायचे आणि त्यावर पुढच्या वर्षीचे उडायचे. पत्रावळी माझ्या अंगणात, हाडं माझ्या विहिरीपाशी, ओकाऱ्या माझ्या तुळशीमागे. पुजारी उरकुडाभाऊ सगळ्यांत आधी जेवायला बसायचा आणि सगळ्यांत शेवटी उठायचा. ह्या खर्चाला मात्र कधी कोणी कां-कूं केलं नाही. वर्गणी निघायची, कोंबड्या यायच्या. नामदेव पान थुंकून म्हणायचा, "देवाचं हाये बाबू, नाई म्हणू नोका." पहाटेपासून तीन दगडांच्या चुलीवर तुम्ही एकट्या रांधायचात. एका वर्षी मी मुद्दाम लक्ष ठेवून बसलो. वाढपी सगळ्यांना दोनदा वाढून गेला. तुम्हाला पातेल्याच्या तळाचा रस्सा मिळाला, आणि तुम्ही तो भातात कालवून उभ्या-उभ्याने खाल्लात. पांडुरंग ढेकर देत म्हणाला, "वयनीच्या हाताले चव हाये." मला तेव्हा इतकी घाण वाटली की मी घर सोडून नदीवर जाऊन बसलो. पण हेही लिहायला हवं: मी तुमच्यासाठी ताट वाढून आणलं नाही. मी फक्त उठून गेलो.

आणि पूर. एका भाद्रपदात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा मी कार्यालयात अडकलो होतो, रस्ता बंद. शोभा आणि आमची मुलगी घरात. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं तेव्हा तुम्ही आलात. शोभाने मला नंतर सांगितलं ते असं. तुम्ही आत येऊन विचारलंत, "बाबूची पेटी कुठी हाये? कागदाची?" पलंगाखालून माझी पत्र्याची पेटी ओढलीत, डोक्यावर घेतलीत, मुलीचा हात धरलात आणि दोघींना शाळेच्या टेकडीवर नेऊन सोडलंत. शोभा म्हणाली, "बाई, देव?" तुम्ही म्हणालात, "देवाले पोहता येते. कागदाले नाई येत."

पाणी तिसऱ्या पायरीवरून उतरलं. तुमच्या छपरीतलं सगळं वाहून गेलं. दोन लुगडी, मडकी, दौलतचा फोटो. माझी पेटी कोरडी होती. पेटीत सगळ्यांत वर विक्रीपत्र. मी तुमचे आभार मानले, हे मला नक्की आठवतं. "फार उपकार झाले, बाई," असं म्हणालो. मग तुम्ही दिवा लावायला खोलीत गेलात आणि मी पेटीतले कागद क्रमाने लागले आहेत का ते तपासत बसलो. उपकार म्हणजे काय, ते ह्याच घरात पाच पावलांवर उभं होतं, आणि ते ऋण तीन हजार सातशेला फिटत होतं. मला सुचलं नाही असं म्हणून सुटका करून घेत नाही. सुचलं होतं. मी मनात म्हटलं, आता दिले तर नामदेव म्हणेल, हरला बाबू.

ह्या वर्षी श्रावणात तुम्हाला ताप आला. मग खोकला राहिला. तुम्ही तरी यायचात. साडेपाचचे पावणेसहा, सहा. उंबऱ्याला हात धरून थोडं थांबायचात. मी तापमापी आणली. रोज ताप मोजून एका कागदावर लिहू लागलो: १०१.४, १००.८, १०२. शोभा तो कागद बघून म्हणाली, "हे कोणाला दाखवणार आहात?" वनिता आली, तुम्हाला घेऊन जाते म्हणाली, जावई रिक्षा घेऊन थांबला होता. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत, दिवा कोण लावेल. ह्या वेळी तुमच्या आवाजात हट्ट नव्हता. तुम्हाला जायचं होतं. तुम्ही नामदेवकडे पाहिलंत, तो म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होता. मग माझ्याकडे पाहिलंत. मी त्या दिवशी म्हणालो, "दिवाळीनंतर बसून बघू काहीतरी." बसून बघू! नऊ वर्षं पाच महिने झाले होते.

मग ती सकाळ. साडेपाच वाजले, पावणेसहा झाले. दार वाजलं नाही. मी जागा होतो. मला बरं वाटलं, बाई. आज उठावं लागलं नाही, असं मनात आलं, आणि मी कूस बदलली. सव्वासातला पांडुरंगच्या सुनेने अंगणातून सांगितलं. तुम्ही छपरीच्या दारात पडलेल्या होतात, लुगडं नेसलेलं, केस विंचरलेले. निघाला होतात.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, नामदेवचा मुलगा प्रशांत माझ्याकडे आला. हातात टेप. पायांत अजून नदीची वाळू. त्याने चप्पल काढली नाही. मागच्या खोलीची लांबी मोजली, रुंदी मोजली, बापाला ओरडून सांगितलं, "नऊ बाय अकराच हाये." मग मला म्हणाला, "काका, देव इथी हायेत तं खोली आमची हाये. ताबा तं आमचाच राह्यला न एवढे वर्षं. रोज आमच्या घरची बाई येऊन दिवा लावत होती, अख्खा गाव साक्ष देईल. मले इथी मोबाईलचं दुकान टाकाचं हाये. नाईतर साठ हजार द्या, देव उचलतो."

"साठ कुठून काढलेस?"

"तुमीच सांगतलं होतं न, टपरीवर. एकोणसाठ हजार काहीतरी. आमी रावंड केला."

तुम्ही नऊ वर्षं पेटवलेला दिवा त्याने ताब्याचा पुरावा म्हणून मांडला. तुमची राख दोन तासांपूर्वी पाण्यात गेली होती. आणि माझाच आकडा, माझ्याच तोंडचा, साठ करून त्याने माझ्यासमोर ठेवला. मी त्याला हाकललं नाही. मी त्याच्या चपलांकडे बघत राहिलो. त्याने बाहेर जाऊन बापाला मोठ्याने सांगितलं, "ऐकते म्हातारा, ऐकते."

बाराव्या दिवशी मी उरकुडा पुजाऱ्याकडे गेलो. किती लागेल ते एकदाचं देऊन टाकायचं, वनिताच्या हाताने उचलायचं, असं ठरवून गेलो होतो. खिशात दहा हजार होते. तो बाजेवर बसून तूर सोलत होता.

"उरकुडाभाऊ, देव थंड करायला काय काय लागतं? एकेक करून सांगा. मी लिहून घेतो."

"नारळ."

मी लिहिलं. "पुढे?"

"डोंगा. काठावर नाई सोडत, मधात सोडा लागते."

"पुढे?"

"मले काही द्याचं असंल तं द्या. अकरा, एकवीस."

"कोंबड्या? भाऊबंदाचं जेवण? तिन्ही घरचा हात?"

तो शेंग हातात धरून माझ्याकडे बघू लागला. "ते तं नव्या घरी नेऊन बसवाले लागते, बाबू. थंड कराले जेवण कायचं? मेल्यावर कोणी बारसं करते का? आन् हात ज्यानं दिवा लावला त्याचा. बाईनं लावला, बाईचा हात. आता तिच्या पोरीचा."

"म्हणजे बाईंना एकटीला चाललं असतं?"

"काऊन नाई चालत?"

"मग तुम्ही सांगितलं का नाही? नऊ वर्षं तुम्ही त्या घरात जेवायला येत होता!"

"मले जेवाले बलावलं," तो म्हणाला. "मले कोणी इचारलंच नाई. तुमी तरी कधी इचारलं?"

नाही विचारलं. माझ्या नोकरीची अठ्ठावीस वर्षं मी एकच काम केलं आहे. कोणी एकूण रकमेचं बिल आणलं की मी ते परत करतो आणि तपशील मागतो. मंडपवाल्याचं परत केलं आहे, पाण्याच्या टँकरवाल्याचं केलं आहे, साहेबाच्या मेव्हण्याचं केलं आहे. नामदेवने टपरीवर तीन हजार सातशे म्हटलं आणि मी ते कोणी भरायचे एवढ्यावरच नऊ वर्षं भांडलो. कशाचे, ते विचारलं नाही. तीन हजार सातशे म्हणजे पस्तीस माणसांचं कोंबडीचं जेवण होतं, त्यात देवाचा वाटा एक नारळ. नामदेवला हे माहीत होतं की त्यालाही खरंच ठाऊक नव्हतं, मला कळलेलं नाही. विचारायला त्याच्यासमोर उभं राहायची माझी तयारी नाही. त्याच्या बिडीच्या वासानेही मला आता मळमळतं. आणि आरशासमोर दाढी करतानाही तसंच होतं. फार वेळ बघवत नाही.

तुम्ही का विचारलं नाहीत, हे मात्र मला समजतं. दिरांनी सांगितलं तो तुमच्यासाठी नियमच होता. आणि दुसऱ्या बाजूला कागद घेऊन मी.

परवा सकाळी आम्ही नदीवर गेलो. वनिताने पाच गोटे टोपलीत ठेवून टोपली डोक्यावर घेतली, शोभा तिच्याबरोबर, मी मागे. नामदेव, पांडुरंग, प्रशांत आणि आणखी सात-आठ जण काठावर चिंचेखाली येऊन उभे होते. हात लावायला कोणी पुढे आलं नाही.

डोंगा लावताना नामदेव म्हणाला, "जेवणाचं काय ठरवलं, बाबू?"

मी तोंड उघडायच्या आत शोभा वळली. तिचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "नऊ वर्षं जेवले न, भाऊजी? पोट नाही भरलं?"

प्रशांत काहीतरी पुटपुटला, खोलीचं, ताब्याचं. उरकुडा पुजारी त्याला म्हणाला, "देव नाई तं ताबा कायचा रे? चाल, बाजूले सरक, दोर सोडू दे." तो सरकला. एवढं सोपं होतं.

मध्यावर पाणी गढूळ आणि संथ होतं. वनिताने एकेक गोटा दोन्ही हातांनी खाली सोडला. आवाज फार झाला नाही. ती म्हणाली, "माय, चाल आता," आणि मग इतकी रडली की डोंगेवाल्याने वल्हं थांबवलं. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी पाण्याकडे बघत होतो. एका नारळाने आणि ह्या अर्ध्या तासाने तुम्ही दुसऱ्या वर्षीच्या सव्वाअकराच्या एसटीत बसला असतात.

परत आल्यावर मी वनिताला पाकीट दिलं. तीन हजार सातशे, मोजून. तिने उघडून पाहिलं.

"हे कायचे, काका?"

"आईचे. तेव्हा द्यायचे राहिले."

"तेव्हा दिले असते तं तिनं घेतले असते," ती म्हणाली. रागाने नाही. तिने पाकीट माझ्या हातात परत ठेवलं. तिने सांगितलं, नागभीडच्या तुमच्या खोलीत आता ते धानाची पोती ठेवतात. खाट भिंतीला उभी करून ठेवली आहे. पडदा अजून आहे, धुते ती अधूनमधून.

शोभाने मागची खोली शेणाने सारवून काढली आहे. भिंतीवरची काजळी निघत नाही. त्या खोलीत काय ठेवायचं ते आम्हाला सुचलेलं नाही. ह्या गावात राहायचं की नाही, हेही आम्ही बोललेलो नाही. घर माझ्या नावावर आहे, घरपट्टी भरलेली आहे, आणि आता पहिल्यांदाच, कलम सातप्रमाणे, मिळकत पूर्ण रिकामी मिळाली आहे.

शेवटी दिलं ते असं. नारळ चाळीस रुपये. तो मी घेतला होता, पण वनिताने पैसे परत केले, मायच्या देवाचा नारळ माझाच म्हणाली. डोंगेवाल्याला शंभर. उरकुडा पुजाऱ्याला एकवीस. म्हणजे माझ्या खिशातून गेले एकशे एकवीस रुपये, दोघांना, रोख. तुम्हाला काही नाही.